उशी काढून ठेव

अगं, आई काल फोनवर सांगत होती, जखमा भरल्या, पोरगी सुटली. तिला तसं वाटू दे, फार सोसलंय तिने. तुला मात्र मी खरं तेच सांगणार. भाजल्यानंतरचं चिवट काम जखम भरल्यावर सुरू होतं.

मांडीची कातडी काढून जिथे लावली, तिथे आता व्रण तयार होतोय, आणि व्रण आकसतो. वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त, तो लाल, कडक, उंचावलेला राहील आणि जवळच्या सांध्याला आपल्याकडे ओढत राहील. ज्या स्थितीत तुला बरं वाटतं ना, नेमकं त्याच स्थितीत अंग आखडतं. मान पुढे झुकवली की गळ्याला ताण बसत नाही, म्हणून तू दोन उशा घेतेस. आजपासून एकही नको. गळा पुढून भाजलेल्या माणसाने हनुवटी वर राहील असंच झोपायचं. खांद्यांखाली टॉवेलची घडी घ्यायची का, ते फिजिओथेरपिस्ट ताईंना विचार. हातांचंही तसंच. पंजे मागच्या बाजूने भाजलेत, त्यामुळे ते सैल सोडलेस की मनगट खाली लोंबतं आणि बोटं वाकडी होतात. रात्रीचा स्प्लिंट त्यासाठीच आहे. तो टोचला, तर काढून कोपऱ्यात टाकू नकोस, त्यांच्याकडून नीट करून घे. दिवसा व्यायाम, थोडा थोडा पण पुन्हा पुन्हा. दुखेल गं, मला ठाऊक आहे. गोळी घेऊन अर्ध्या-पाऊण तासाने करायचा का, हेही विचारून घे. कणकेचा गोळा दाबत बस म्हटलं तर आवडेल तुला, पण चुलीपासून, गॅसपासून लांब. लावलेल्या कातडीला चटका लवकर कळत नाही.

प्रेशर गारमेंट दिवसाचे 23 तास घालायचं. अकोल्याच्या मे महिन्यात हे सांगताना माझाच जीव गलबलतो. दोन जोड शिवून घे, म्हणजे एक धुता येईल. हाताने धुवायचे, पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे. सैल पडले की पुन्हा माप द्यायचं. उरलेल्या तासात अंघोळ आणि बिनवासाचं मलम लावून मालीश, कारण त्या कातडीला स्वतःचं तेल सुटत नाही. खाज रात्री छळते. नखं लावू नकोस, हलकेच थोपट, आणि औषध मागून घे. बाहेर पडताना ऊन लागू देऊ नकोस, डाग कायमचे काळवंडतात.

आणि ते आंबट बंद, डाळ बंद, अंडं बंद, हे कुणी सांगितलं? आंबटाने जखम चिघळत नाही. भाजलेल्या शरीराला प्रथिनं नेहमीपेक्षा जास्त लागतात. उसळ, अंडी, दूध, शेंगदाणे, लिंबू, आवळा, सगळं खा. शेजारच्या काकूंना माझं नाव सांग.

तुझे पंजे आज इतके तरी हलतात, त्यात अपघाताच्या वेळी मदतीला धावलेल्या त्या ट्रकवाल्या दादांचा वाटा मोठा आहे. कुणीतरी टूथपेस्ट घेऊन धावलं होतं, त्यांनी अडवलं. सूज यायच्या आत बांगड्या-अंगठ्या काढल्या आणि रुग्णवाहिका येईपर्यंत कॅनमधलं साधं पाणी ओतत राहिले. 20 मिनिटं थंड वाहतं पाणी, बर्फ नाही, पेस्ट नाही, हळद नाही. घरात सगळ्यांना पाठ करायला लाव. पोलिसांच्या फेऱ्यात अडकू, अशी त्यांना धास्ती होती. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या 134 अ कलमाचं संरक्षण आहे, ते मी त्यांना फोन करून सांगितलं.

गाडीत बसलं की छाती धडधडते, पेट्रोलच्या वासाने पोटात ढवळतं, हे तू फक्त मलाच सांगितलंस. डॉक्टरांनाही सांग. आगीतून वाचलेल्या पुष्कळ जणांना हे होतं, आणि त्यावर उपचार आहेत. अपरात्री असह्य झालं तर 14416 या टेलिमानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं. किंवा मला उठव.

राहिली कागदपत्रं. नुकसानभरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा, असं 2019 ची दुरुस्ती सांगते, म्हणून लांबवायचं नाही. एफआयआरची प्रत, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक बिल, गारमेंटची पावतीसुद्धा, आणि दर महिन्याला व्रणांचे फोटो तारखेसह. फोटो काढायला तुला नको वाटेल, ते भावजींना काढू दे. शनिवारी मी येतेय, वकिलांकडे आपण दोघी जाऊ.