दिव्यावरचे पतंग : वैरी कोण, कसा ओळखावा?

प्रश्न : बऱ्हाणपूरजवळ आमची केळी आणि कपाशी आहे. रात्री दिव्यावर पतंग येतात. त्यांतले पिकाचे वैरी कोणते? प्रकाश सापळा घरी कसा करावा?

उत्तर : फवारणीची घाई नको, आधी ओळख पटवा. पिवळसर-तपकिरी पुढच्या पंखावर मूत्रपिंडाच्या आकाराचा काळसर डाग असेल, तर तो अमेरिकन बोंडअळीचा पतंग. तपकिरी पंखावर पांढुरक्या रेषांची जाळी आणि मागचे पंख पांढरे असतील, तर तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचा. तिला केळीचेही वावडे नाही. गुलाबी बोंडअळीचा पतंग जेमतेम सेंटिमीटरभर, करडा. त्याच्यासाठी कामगंध सापळाच बरा.

बांधावर काठ्यांची तिवई रोवून पिकाच्या शेंड्याहून जरा वर बल्ब टांगा. खाली घमेल्यात साबणाचे पाणी ठेवा. वायर पाण्यापासून लांब. पाण्यात पंखांवरची पूड निघते, म्हणून ओळखायचे तर दिव्यामागे जुने पांढरे धोतर बांधा. सात ते दहा एवढाच वेळ दिवा लावा, नाहीतर मित्रकीटकही बुडतात. रोजचा आकडा वहीत लिहा. चांदण्या रात्री पतंग कमी येतात, तेव्हा निर्धास्त राहू नका. आकडा चढला की बोंडे फोडून पाहा.