ब्राऊझर बिघडला की आधी काय बघायचं? : घरच्या दुरुस्तीतून निदान शिकवणारा पाठ



सुट्टीत गावी गेलं की आपल्या वाट्याला एक काम हमखास येतं. चहाचा कप खाली ठेवतो न ठेवतो तोच घरातलं कुणीतरी म्हणतं, "जरा कॉम्प्युटर बघता का? इंटरनेट चालंना झालंय." आपण माऊस हातात घेतो, भराभर चार ठिकाणी क्लिक करतो. सुरू झालं तर शाबासकी मिळते, नाही झालं तर "फॉरमॅट मारून घ्या" असं सांगून मोकळे होतो. दोन्ही वेळा घरच्या माणसाला काहीच शिकायला मिळत नाही. पुढच्या बिघाडाला ते पुन्हा आपलीच वाट बघत बसतात, किंवा भलत्याच माणसाला फोन करतात.

म्हणून आजचा पाठ ब्राऊझरच्या दुरुस्तीचा आहे. इयत्ता सातवीच्या पुढच्या मुलांना तो वर्गात घेता येईल आणि घरी मोठ्यांनाही शिकवता येईल.

पाठाचा उद्देश

१) बिघाड नेमका कुठे आहे हे प्रश्न विचारून शोधता येणे.
२) एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहण्याची सवय लागणे.
३) खोटी सूचना आणि खरी सूचना यांतला फरक ओळखता येणे.

उदाहरण : उमरग्यातला एक संगणक

आमचे मामा उमरग्याला राहतात. निवृत्त आहेत. मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेला संगणक आता मुलगा पुण्याला गेल्यावर मामाच वापरतात. पेन्शनची माहिती, बाजारभाव, नातवंडांचे फोटो, सगळं त्यातच. गेल्या उन्हाळ्यात सोलापूरला लग्नाला जाऊन आठ दिवसांनी परत आल्यावर बघतात तर एकही पान उघडेना. कुठलंही संकेतस्थळ टाका, पडद्यावर एकच ओळ : तुमचे कनेक्शन खाजगी नाही.

मामांनी कारणही शोधून ठेवलं होतं. "लग्नाला जायच्या आधी पडद्यावर लाल पाटी आली होती बघ. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा म्हणून. त्यानंच बंद पाडलं असंल." तो नंबर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहूनही ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करणार होते. त्याच संगणकावर त्यांचं बँकेचं खातं चालतं.

इथे थांबून मुलांना विचारा : पाटी आधी आली आणि ब्राऊझर नंतर बंद पडला, एवढ्यावरून पाटीमुळेच बंद पडला असं म्हणता येईल का? कावळा बसायला आणि फांदी मोडायला, ही म्हण मुलं लगेच सांगतील. पण म्हण सांगणं वेगळं आणि तपासून बघणं वेगळं.

तपासणीचे चार प्रश्न

बिघाड चार ठिकाणी असू शकतो : नेटमध्ये, त्या संकेतस्थळात, ब्राऊझरमध्ये किंवा संगणकात. प्रत्येक प्रश्नाने यातलं एकेक ठिकाण बाजूला काढायचं.

पहिला प्रश्न : त्याच वायफायवर मोबाईलमध्ये पान उघडतं का? मोबाईलचा स्वतःचा डेटा आधी बंद करा, नाहीतर तपासणी फसते. मोबाईलवरही उघडत नसेल तर दोष नेटचा. राऊटर बंद करून मिनिटभराने सुरू करा.

दुसरा प्रश्न : एकच संकेतस्थळ उघडत नाही की सगळीच? एकच असेल तर बहुधा तिकडेच गडबड आहे. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी असं होतं हे आपल्याला सांगायला नको.

तिसरा प्रश्न : दुसऱ्या ब्राऊझरमध्ये चालतं का? विंडोजमध्ये एज हा ब्राऊझर आधीपासून असतो. तिथे चालत असेल तर दोष पहिल्या ब्राऊझरचा. दोन्हीकडे एकच तक्रार असेल तर संगणकाकडे बघा.

चौथा प्रश्न : खाजगी खिडकीत चालतं का? क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही बटणं एकत्र दाबली की ही खिडकी उघडते, फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी. या खिडकीत जोडलेली एक्स्टेन्शन्स आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत आणि साठवलेल्या जुन्या कुकीजही वापरल्या जात नाहीत. म्हणून इथे नीट चाललं तर दोष या दोनांपैकी एकात.

मामांनाच खुर्चीवर बसवलं आणि एकेक प्रश्न विचारत गेले. मोबाईलवर पान उघडलं. संगणकावर सगळीच संकेतस्थळं बंद. दुसऱ्या ब्राऊझरमध्ये तीच ओळ, खाजगी खिडकीतही तीच. म्हणजे दोष संगणकात. मग म्हटलं, "मामा, उजवीकडे खाली कोपऱ्यात तारीख काय आहे, वाचा बरं." मामा चष्मा वर करून म्हणाले, "आं? २०१५?"

तारखेचा आणि ब्राऊझरचा काय संबंध?

हा भाग वर्गात जरूर समजावून सांगा. सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक प्रमाणपत्र असतं. त्यावर ते कधीपासून कधीपर्यंत चालेल हे लिहिलेलं असतं. १ सप्टेंबर २०२० पासून दिलेल्या प्रमाणपत्रांची मुदत ३९८ दिवसांपेक्षा जास्त नसते, कित्येकांची तर ९० दिवसांचीच असते. ब्राऊझर ती मुदत आपल्या संगणकाच्या घड्याळाशी ताडून बघतो.

एसटीच्या विद्यार्थी पासचं उदाहरण द्या. पासवर आजची तारीख बरोबर आहे, पण कंडक्टरच्या हातातलं कॅलेंडरच दहा वर्षांपूर्वीचं आहे. मग त्याला तुमचा पास "अजून सुरूच झाला नाही" असा दिसणार. पास खोटा नाही आणि कंडक्टरही वाईट नाही. चूक कॅलेंडरची आहे.

पण घड्याळ मागे गेलं कसं? संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवायला आत रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते. तिच्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. त्यात २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. मुलांना पट्टीने मोजायला लावा, मजा येते. डेस्कटॉप संगणकाची पिन बोर्डात असेल आणि बटण चालू असेल, तर घड्याळाला विजेवरच चालता येतं. बोर्डाचं बटण बंद केलं की सगळा भार या बॅटरीवर. आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा पडतात म्हणून लोक बोर्डाचं बटण बंद करतात, आणि ते बरोबरच आहे. मामांनीही आठ दिवस बंद ठेवलं होतं. जुनी बॅटरी तेवढ्यात संपली.

मामांनी घड्याळावर उजवं क्लिक करून तारीख, वेळ आणि भारताचा टाइम झोन नीट केला. ब्राऊझर बंद करून पुन्हा उघडला. पान आलं! दुसऱ्या दिवशी बॅटरी बदलली. संगणक बंद करून, पिन काढून, मगच झाकण उघडायचं, हे मुलांना दोनदा सांगा.

लाल पाटीचं काय?

पानं उघडू लागली, पण आता दुसराच बिघाड दिसला. काही शोधायला गेलं की भलतंच पान येई आणि कोपऱ्यात जाहिराती उड्या मारत. पुन्हा तेच चार प्रश्न. दुसऱ्या ब्राऊझरमध्ये त्रास नाही. खाजगी खिडकीत शोध नीट चालतो. म्हणजे या वेळी दोष ब्राऊझरला जोडलेल्या कशात तरी.

सेटिंग्जमध्ये एक्स्टेन्शन्सची यादी उघडली. मामांनी कधीच न मागितलेलं एक एक्स्टेन्शन तिथे होतं. ते काढून टाकलं, शोध जागेवर आला. कोपऱ्यातल्या जाहिराती मात्र तशाच. मग साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स पाहिली. एका अनोळखी संकेतस्थळाला परवानगी दिलेली होती. "तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा" अशी पाटी दाखवून ही परवानगी घेतात. ती काढली, जाहिराती थांबल्या. दोन्ही एकदम काढलं असतं तर कशामुळे काय थांबलं हे मामांना कधीच कळलं नसतं.

ती लाल पाटीही अशाच एखाद्या पानाची. आता मुलांना आणि मोठ्यांना एक गोष्ट पक्की सांगा : व्हायरस सापडल्याची खरी सूचना फोन नंबर देत नाही. नंबर दिसला की पाटी खोटी. ती बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राऊझर बंद करा. अशा नंबरवर फोन केला की समोरचा माणूस पडदा दाखवणारं ॲप घ्यायला लावतो आणि मग बँकेचं खातं उघडायला सांगतो. कुणी फसलंच तर नेट तोडा, लगेच बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. त्या माणसाला रागावू नका. रागावलं की पुढच्या वेळी ते सांगतच नाहीत, आणि उशीर झाला की पैसे परत मिळणं अवघड होतं.

मामांनी कॅलेंडरवरचा तो नंबर खोडला आणि शेजारी १९३० लिहिला.

फॉरमॅट मारायची घाई नको

फॉरमॅटमध्ये फोटो, कागदपत्रं, साठवलेले पासवर्ड सगळं जातं. आणि मामांच्या बाबतीत बॅटरी तीच राहिली असती, तर पुढच्या वेळी तारीख पुन्हा मागे! त्याआधी क्रोममध्ये "रीसेट सेटिंग्ज" ही पायरी आहे. तिने एक्स्टेन्शन्स बंद होतात, सुरुवातीचं पान आणि शोधयंत्र मूळ जागी येतं, पण बुकमार्क आणि पासवर्ड जात नाहीत.

संगणक फार जुना असेल तर गोष्ट वेगळी. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, ती २०२३ सालची. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या संगणकाला सुरक्षेची नवी दुरुस्ती मिळत नाही, त्यावर बँकेचं काम करू नये हे घरच्यांना स्पष्ट सांगा.

फोनवरून मदत करताना

आपली मुलं पुण्याला, हैदराबादला असतात आणि फोनवरून सांगतात. तिथे एक नियम पाळा : "काय झालंय?" असं न विचारता "पडद्यावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं वाचा" असं सांगा. निम्मं निदान तिथेच होतं. इंग्रजी वाचायला अडचण असेल तर विंडोजवर क्रोमची भाषा मराठी करता येते.

वर्गातील कृती

एक बॅटरी, म्हणजे टॉर्च घ्या. मुलांच्या नकळत कधी संपलेले सेल घाला, कधी सेल उलटा घाला, कधी बल्ब सैल करा. गटाने दोष शोधायचा. अट एकच : एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत लिहायचा. वहीत चार रकाने आखा : काय दिसलं, काय वाटलं, काय बदललं, काय झालं. हीच वही नंतर घरच्या संगणकासाठी वापरा.

स्वाध्याय

१) घरातल्या मोठ्या माणसाला खाजगी खिडकी उघडायला शिकवा. माऊस त्यांच्याच हातात ठेवा.
२) घरच्या ब्राऊझरमधली एक्स्टेन्शन्स आणि नोटिफिकेशन्सच्या परवानग्या मोजा. त्यातल्या कोणत्या कुणी मुद्दाम दिल्या ते विचारा.
३) १९३० हा नंबर घरात सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहा.
४) विचार करा : मोबाईलवर पान उघडतं, संगणकावर एकच संकेतस्थळ उघडत नाही, पण खाजगी खिडकीत ते उघडतं. दोष कुठे असेल? कारणासह लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरं मुलांकडून लिहून घ्या. बरोबर उत्तरापेक्षा त्यांनी कोणतं ठिकाण आधी बाजूला काढलं आणि का, ते तपासा.