तैपेई ते शांघाय : हवाई अंतराचा एक धडा

दोन शहरांमधील हवाई अंतर काढा, असे सांगितले असता विद्यार्थी नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषा ओढतात. पृथ्वी गोल असल्यामुळे ही रेषा नेहमीच बरोबर ठरत नाही. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला असता तो ज्या वाटेने जातो, तोच सर्वांत जवळचा मार्ग होय. विमानाला प्रत्यक्ष कापावे लागणारे अंतर मात्र आणखी एका गोष्टीवर अवलंबून असते. वाटेतील आकाश कोणाच्या हद्दीत आहे आणि तेथून जाण्यास परवानगी आहे किंवा नाही, हेही पाहावे लागते. पूर्व आशियातील तैपेई व शांघाय ही शहरे याचे बोलके उदाहरण आहेत.

साधा हिशेब

तैवान बेटावरील तैपेई सुमारे २५ उत्तर अक्षांशावर आहे, तर चीनच्या किनाऱ्यावरील शांघाय सुमारे ३१ उत्तर अक्षांशावर. दोन्ही शहरे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर येतात. रेखावृत्तावर अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर; म्हणून सहा अंशांचे ६६६ किलोमीटर झाले. विमानतळांमधील अंतर सुमारे ६७५ किलोमीटर भरते. मुंबई-नागपूर हे हवाई अंतरही साधारण एवढेच आहे.

तिप्पट वाट

१९४९ साली यादवी युद्धाच्या अखेरीस चीनमधील राष्ट्रवादी सरकार तैवानला गेले आणि दोन्ही किनाऱ्यांमधील थेट दळणवळण बंद पडले. असंख्य कुटुंबे दुभंगली. १९८७ साली तैवानने नातलगांच्या भेटीसाठी मुख्य भूमीवर जाण्याची मुभा दिली. पण विमाने थेट जात नसत. हाँगकाँगमार्गे जावयाचे तर प्रथम सुमारे ८०५ आणि पुढे सुमारे १,२५५, असे एकूण २,०६० किलोमीटर अंतर पडे. शिवाय विमान बदलण्यात वेळ जाई तो वेगळाच. चाळीस वर्षांनी भावाच्या भेटीस निघालेल्या वृद्धाला हा वळसा चुकत नसे.

टप्प्याटप्प्याने सुधारणा

२००३ च्या चांद्र नववर्षानिमित्त तैवानची विशेष विमाने शांघायला गेली. परंतु त्यांना वाटेत हाँगकाँग किंवा मकाव येथे उतरावे लागले. २००५ साली उतरण्याची अट गेली, तरी हाँगकाँगच्या हवाई क्षेत्रातून जाणे आवश्यकच होते. जुलै २००८ मध्ये दर आठवड्याअखेरची विशेष उड्डाणे सुरू झाली, तीही याच वळशाने. १५ डिसेंबर २००८ रोजी मात्र सरळ हवाई मार्ग खुला झाला आणि सुमारे एक तास वाचला. ऑगस्ट २००९ अखेर नियमित विमानसेवा सुरू झाली.

या साठ वर्षांत दोन्ही शहरे होती तेथेच होती. वाट लांबली ती तंट्यामुळे आणि आखूड झाली ती वाटाघाटींमुळे. शिक्षकांनी हा हिशेब पृथ्वीगोल व दोरा घेऊन वर्गात करून घ्यावा. भूगोल आणि नागरिकशास्त्र हे विषय एकमेकांपासून किती जवळ आहेत, हे त्यावरून मुलांच्या सहज ध्यानी येईल.