अकरा वजा दोन

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की गोल चेंडू आणि वर्ल्ड कपच्या रात्री कॉमन रूममध्ये झालेली गर्दी आठवते. अमेरिकेतला फुटबॉल हा वेगळाच प्राणी आहे. चेंडू लांबट, बहुतेक वेळ हातात, आणि खेळ दर काही सेकंदांनी थांबणारा. एमएसला गेलेले आपले सीनियर्स पहिल्या सेमिस्टरला 'हा काय खेळ आहे?' असं विचारतात आणि दुसऱ्या वर्षी शनिवारची लायब्ररी सोडून स्टेडियममध्ये जाऊन बसतात. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक माणसं बसतात, आणि मैदानावर असतात कॉलेजचे विद्यार्थी!

मॅच हरली की या लोकांत एकच भांडण होतं. एक गट म्हणतो, कोचने प्ले चुकीचा निवडला. दुसरा म्हणतो, प्ले ठीक होता, पण पुढच्या पाच जाड्या पोरांनी ब्लॉकिंग नीट केलं नाही. ही भांडणं मी बरीच ऐकली आणि जुन्या मॅचेस थांबवून थांबवून पाहिल्या. माझं मत असं झालं आहे की दोन्ही गट एक साधी वजाबाकी करायला विसरतात.

आधी नियम, थोडक्यात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्न मिळतात, एका प्रयत्नाला म्हणतात डाउन. चारांत दहा यार्ड पुढे गेलात तर पुन्हा चार, नाहीतर चेंडू समोरच्यांना. पुढे पाच जणांची भिंत: मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. सेंटर पायांमधून चेंडू मागे देतो क्वार्टरबॅकला. तो चेंडू फेकतो किंवा रनिंग बॅकच्या पोटाशी देतो, आणि तो पळतो. बाकीच्यांनी अडवायचं. ढकलायची परवानगी आहे, मिठी मारायची नाही.

आता वजाबाकी. दोन्हीकडे अकरा अकरा. पण धावण्याच्या प्लेमध्ये ज्याच्या हातात चेंडू आहे तो कुणाला अडवू शकत नाही. आणि चेंडू देऊन मोकळा झालेला क्वार्टरबॅक? तो नुसता बघत उभा राहतो (व्हायवाला पार्टनर बोलत असताना आपण उभे असतो तसा). म्हणजे अडवणारे नऊ, अडवायचे अकरा. त्यातले दोन रिसीव्हर बाहेर टोकाला उभे राहून समोरच्या दोघांना गुंतवतात. उरले सात विरुद्ध नऊ. मैदानाच्या मध्यावर हे चालून जातं, कारण लांब पासच्या भीतीने समोरच्यांचे दोन सेफ्टी मागे खोलवर थांबतात. सात विरुद्ध सात. एक सेफ्टी पुढे आला की सात विरुद्ध आठ. आणि गोल लाइनजवळ मागे जागाच नसते, त्यामुळे दोघेही पुढे येतात.

ब्लॉकिंगच्या सगळ्या पद्धती म्हणजे या दोनच्या तुटीवर काढलेले उपाय आहेत.

पहिली पद्धत गॅपची. तिचा नेहमीचा नमुना म्हणजे 'पॉवर'. समजा उजवीकडे जायचं आहे. उजव्या बाजूचे लाइनमन समोरच्याला सरळ न भिडता तिरके आतल्या बाजूला दाबतात. टोकाच्या डिफेन्सिव्ह एंडला फुलबॅक बाहेर ढकलतो. दार उघडलं. आणि डावा गार्ड आपली जागा सोडून, मागून वळसा घालून, त्या दारातून आत शिरतो आणि लाइनबॅकरला गाठतो. एकूण संख्या वाढली नाही, पण भोकापाशी आपला एक माणूस जादा झाला. शिवाय कोन आपल्या बाजूने. अप्लाइड मेकॅनिक्समध्ये शिकलेला मोमेंट इथे कामाला येतो: माणूस समोरून ढकलला तर हलत नाही, कुशीतून आणि त्याच्या गुरुत्वमध्याखाली खांदा घालून ढकलला तर हलतो. तोटाही उघड आहे. गार्ड जिथून निघाला तिथे क्षणभर खिंडार पडतं, आणि चपळ डिफेंडर तिथून घुसला की प्ले जागच्या जागी संपतो.

दुसरी पद्धत झोनची. इथे पाचही जण एकाच दिशेला पाऊल टाकतात. माणूस नेमून दिलेला नसतो, जागा नेमून दिलेली असते. शेजारचे दोघे मिळून आधी एकाला हलवतात, मग त्यातला एक सुटून पुढच्या लाइनबॅकरकडे जातो. कधी सुटायचं हे त्याने तिथल्या तिथे ठरवायचं. भोक कुठे पडेल हे आधी कुणालाच माहीत नसतं, रनिंग बॅकने बघायचं आणि एकदाच वळायचं. व्यावसायिक खेळात डेन्व्हर ब्रॉन्कोसने या पद्धतीवर नाव कमावलं. तिथे टेरेल डेव्हिस 1998 च्या मोसमात 2008 यार्ड धावला.

पण तुटीचं मूळ क्वार्टरबॅकमध्ये आहे आणि त्यावरचा खरा उपाय कॉलेजच्या खेळाने वाढवला. समोरच्या एका माणसाला मुद्दाम मोकळं सोडायचं! ह्यूस्टन विद्यापीठाच्या बिल योमन यांनी 1960 च्या दशकात 'व्हीअर' नावाने हे रूढ केलं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात रिच रॉड्रिग्ज यांनी ते झोनला जोडलं. मागच्या बाजूच्या एंडला कुणी अडवत नाही, क्वार्टरबॅक फक्त त्याच्याकडे बघतो. तो रनिंग बॅकच्या मागे धावला तर चेंडू स्वतःकडे ठेवून त्याने रिकाम्या केलेल्या जागेतून पळायचं. थांबला तर चेंडू देऊन टाकायचा. हात न लावता एक माणूस बाद. ट्रिपल ऑप्शनमध्ये असे दोन सोडतात. सातांना नऊ अडवायचे होते ना? आता सातच राहिले.

याचा हिशोब बघायचा असेल तर 3 नोव्हेंबर 2007 चा नोत्र दाम विरुद्ध नेव्ही हा सामना बघा. नेव्ही म्हणजे अ‍ॅनापोलिसची नौदल अकादमी. पोरं उद्याचे अधिकारी, शारीरिक निकषात बसावी लागतात, त्यामुळे लाइनमन तुलनेने हलके. नोत्र दामकडून ते 1963 नंतर सलग 43 वेळा हरले होते. त्या दिवशी पॉल जॉन्सन यांचा ट्रिपल ऑप्शन घेऊन ते 28-28 पर्यंत आले. शेवटच्या मिनिटात नोत्र दामला 41 यार्डांची किक मारता आली असती. कोच चार्ली वाइस यांनी चौथ्या डाउनला पासचा प्ले घेतला. नेव्हीच्या रॅम वेलाने अडवायला वाकलेल्या खेळाडूवरून उडी मारली आणि क्वार्टरबॅकला पाडलं. या निर्णयावर वाइस यांना खूप बोल लागले. मला तो तितका वाईट वाटत नाही. ब्लॉक टिकला असता तर पुढे काय झालं असतं, कुणी सांगावं?

मला खटकतो तो शेवटचा प्ले, ज्याची चर्चा कमी होते. तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये नेव्ही 46-44 पुढे. नोत्र दामला बरोबरीसाठी दोन गुण हवेत. पास हुकला, पण नेव्हीला पेनल्टी लागली आणि चेंडू आणखी जवळ, जेमतेम दीड यार्डावर आला. दुसरी संधी! त्यांनी चेंडू रनिंग बॅक ट्रॅव्हिस थॉमसकडे दिला. मागे राखायला जागाच नाही म्हणून नेव्हीचे सगळे पुढे गोळा झालेले. थॉमस पोचला नाही. 43 सामन्यांची माळ तुटली.

लोक म्हणाले, एवढ्या धिप्पाड लाइनला दीड यार्ड ढकलता येऊ नये? अहो, पण ढकलायचं कुणाकुणाला? जे पोर मोजणीत उरलं ते कुणाच्याच वाट्याचं नव्हतं. त्याला न अडवल्याबद्दल लाइनमनला शिव्या देण्यात अर्थ नाही. तिथे क्वार्टरबॅकच्या पायांचा धाक हवा होता, आणि वाइस यांचा संघ त्या घडणीचा नव्हताच. म्हणजे चूक त्या क्षणाची कमी आणि प्लेबुक लिहिलं तेव्हाची जास्त. संध्याकाळी सातला बाजू बदलून जर्नल कसं पूर्ण होणार?

ऑप्शनवाल्यांचंही सगळं गोड नाही. क्वार्टरबॅकला मार फार बसतो. दोन टचडाउनने मागे पडलात की पास फेकायची सवय नसते. कमरेखालचा ब्लॉक हे हलक्या लाइनचं मोठं हत्यार होतं, ते 2022 च्या नियमाने टॅकलच्या आतल्या पट्ट्यापुरतं उरलं. जॉर्जिया टेकने 2018 मध्ये जॉन्सन निवृत्त झाल्यावर ही पद्धत सोडून दिली. तरी 2024 मध्ये लष्कराच्या अकादमीचा आर्मी संघ बारा सामने जिंकला आणि नव्याने सामील झालेल्या कॉन्फरन्सचा विजेता ठरला. त्या मोसमात त्यांच्या ब्रायसन डेलीने धावून 32 टचडाउन केले, आणि तो क्वार्टरबॅक होता.