तीन दिवसांची मुंबई : थोडा भूगोल, थोडे गणित



कापसाची वेचणी आटोपली, परीक्षा झाली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरची पाच माणसे मुंबईला जाऊन आली. आजी, आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी. राणीचा बाग पाहिला, गेटवे पाहिला. त्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, म्हणून ते येथे लिहीत नाही. पुस्तकातले जे प्रत्यक्ष दिसले, तेवढेच लिहितो.

शेगाव ते मुंबई रेल्वेने सुमारे साडेपाचशे किलोमीटर. रात्री बसले की सकाळी मुंबई. स्टेशनचे आजचे नाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, पण आजी बोरीबंदरच म्हणते. तिचेही चूक नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, ३४ किलोमीटर. आजची मोठी इमारत त्यानंतरची, १८८८ मध्ये पूर्ण झालेली.

दादरला गर्दी पाहून आजी म्हणे, "कुठी जातात बाप्पा हे येवढे लोक?" मी घरी आल्यावर हिशेब केला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ आणि बृहन्मुंबईची १,२४,४२,३७३. म्हणजे आपल्या जवळजवळ पाचपट. आता क्षेत्रफळ पाहा. आपला जिल्हा ९,६६१ चौरस किलोमीटर, मुंबईचे दोन जिल्हे मिळून अवघे ६०३. माणसे पाचपट आणि जागा सोळावा हिस्सा! भागाकार केला तर आपल्याकडे एका चौरस किलोमीटरला २६८ माणसे येतात, तिकडे वीस हजारांवर. तरी बरे, आपल्या २६८ मध्ये शेगाव-खामगावची गर्दीही धरली आहे.

एवढ्या गर्दीत लोकल गाडी स्टेशनात अर्धे मिनिटसुद्धा थांबत नाही. म्हणून बाबांनी आधीच ठरवून दिले होते. चुकामूक झाली तर जो फलाटावर राहिला त्याने तिथेच उभे राहायचे. जो गाडीत गेला त्याने पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच उभे राहायचे. आम्हा दोघा भावांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी होती. आणि दादरला तसे झालेच! आई, आजी व धाकटा चढले, मी आणि बाबा खाली राहिलो. मागच्या गाडीने पुढच्या स्टेशनला गेलो तर तिघेही फलाटावरच्या खांबापाशी उभे. आजीने धाकट्याचा सदरा मुठीत असा धरला होता की बटण तुटले. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि रेल्वेसाठी १३९ हे नंबर आहेत, तेही पाठ असू द्या.

आजीला मुंबईत एकच गोष्ट पाहायची होती. ती चाळीस वर्षे कापूस वेचते आहे. ती म्हणे, "आपला कापूस जाते कुठी, ते पाहू द्या मले." तिला मुंबईच्या गिरण्या ऐकून माहीत होत्या.

हा संबंध जुना आहे. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापडगिरणी स्थापन केली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव ही १३ किलोमीटरची शाखा सुरू झाली, ती मुख्यतः कापसासाठी. मुंबईत तर कॉटन ग्रीन नावाचे स्टेशनच आहे!

बाबांनी आजीला लालबाग-परळला नेले. एके काळी त्या भागाला गिरणगाव म्हणत. १८ जानेवारी १९८२ रोजी तिथे गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यानंतर बहुतेक गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्या जागी उंच इमारती व मोठी दुकाने झाली. एक चिमणी उभी दिसली, पण धूर नव्हता. आजी बराच वेळ वर पाहत राहिली. मग म्हणे, "मंग आता कोण घेते आपला कापूस?"

बाबांनी सांगितले ते असे. आपला कापूस आधी खामगाव-मलकापूरकडच्या जिनिंगमध्ये जातो. तिथे सरकी वेगळी होते. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते आणि १७० किलो रुईची एक गाठ बांधतात. करा भागाकार : एका गाठीला पाच क्विंटल कापूस. पुढे या गाठी सूतगिरण्यांत जातात, आपल्या राज्यात, गुजरातेत, तमिळनाडूत. आजीने बोटे मोजली. आमचा यंदाचा कापूस चाळीस क्विंटल, म्हणजे आठ गाठी. "येवढ्याच?" म्हणाली. मला मात्र ते उत्तर चिमणीपेक्षा मोठे वाटले.

संध्याकाळी चौपाटीवर धाकट्याने पाणी चाखले आणि थुंकला. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नद्या जमिनीतले क्षार आणतात, पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात. आपल्या लोणार सरोवराचेही तसेच आहे. पाण्याला बाहेर जायला वाट नाही. आणखी एक गंमत. आपल्या घाटाखालचे पाणी पूर्णा नदीतून तापीला व तिथून अरबी समुद्राला मिळते. घाटावरच्या पैनगंगेचे पाणी मात्र गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते. एकाच जिल्ह्याचे पाणी, पण समुद्र दोन.

परतीच्या वाटेवर कसाऱ्याला झोपू नका. तिथे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर चढ लागतो. म्हणून बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात, ती इगतपुरीपर्यंत गाडी ढकलतात. इंजिने जोडताना डब्याला हलका धक्का बसतो. आजी जागी झाली आणि विचारले, "आलं का शेगाव?" अजून रात्रभराची वाट होती.