पहिले शील आणि वाघाशेजारचा फोटो



धम्मदीक्षा घेतल्यावर आपल्या घरांतून नवसाचा बकरा गेला, देवीपुढची कोंबडी गेली. ही मोठी गोष्ट झाली. पण त्यामुळे पहिले शील पुरते पाळले गेले, असे पुष्कळांना वाटते. जेथे कोणी कोणाचा जीव घेत नाही, फक्त पैसे घेऊन माणसाला प्राण्याशेजारी उभे करतात आणि फोटो काढतात, तेथे शिलाचा संबंध येतो काय? आजच्या पाठात याचा विचार करावयाचा आहे.

परळ, लालबाग, नायगावच्या चाळींतील मुलांनी हत्ती पहिल्यांदा पाहिला तो बहुधा भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात. एके काळी तेथे मुलांना हत्तीवर बसवून फेरी मारीत. मुले आनंदाने ओरडत. हत्तीला काय वाटते, हे कोणी विचारीत नसे. पुढे विचार बदलला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली भर पडली आणि प्राणिसंग्रहालयातील प्राण्याला छेडणे, इजा करणे, खायला टाकणे यांस मनाई झाली. २००९ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने संग्रहालयांतील हत्ती वनखात्याच्या छावण्यांत व अभयारण्यांत हलविण्याचा आदेश काढला. २०१६ साली राणीच्या बागेत दक्षिण कोरियाहून आठ पेंग्विन आणले. त्यांतला एक त्याच वर्षी मेला. लोक पेंग्विन पाहतात ते काचेआडून. प्राण्याला कोंडावे की नाही, हा प्रश्न काचेने सुटत नाही. पण पाहणे आणि हाताळणे यांत अंतर आहे, एवढे तरी ती काच आपल्याला शिकविते.

आता दुसरे उदाहरण घेऊ. ते बौद्ध देशातलेच आहे, म्हणून अधिक लक्षपूर्वक वाचा.

थायलंडमधील कांचनबुरी प्रांतात एक विहार वाघांसाठी जगभर प्रसिद्ध झाला होता. प्रवासी पैसे देत, साखळीने बांधलेल्या वाघाला हात लावीत, बछड्याला बाटलीने दूध पाजीत आणि फोटो काढून घेत. जवळ चीवरधारी भिक्खू असत. हे पाहून लोकांना वाटे, काय ही मैत्री! २०१६ च्या मे-जूनमध्ये तेथील सरकारने १३७ वाघ बाहेर काढले, तेव्हा शीतपेटीत ४० बछड्यांची प्रेते सापडली. त्या विहारातून सरकारने एकंदर १४७ वाघ ताब्यात घेतले होते. २०१९ पर्यंत त्यांतले ८६ मेले. जवळच्या नात्यातच पैदास केल्यामुळे त्यांची रोगाशी झगडण्याची शक्ती उरली नव्हती, असे अधिकाऱ्यांनी सांगितले.

यावरून काय शिकावे? चीवर पाहून शील ठरवू नये. आचरण पाहून ठरवावे. आणि फोटोत जे दिसते त्यामागे काय घडले, ते विचारावे. वाघ स्वभावाने परक्या माणसाला जवळ येऊ देत नाही. तो गप्प बसला आहे, तर त्याला आईपासून लवकर तोडलेले असते, बांधलेले असते किंवा दाबात ठेवलेले असते. गारुड्याच्या टोपलीतला नाग चावत नाही, कारण त्याचे दात काढलेले असतात. फोटो एका क्षणाचा; त्या जीवाचा दिवस मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत तसाच जातो.

कोणी म्हणेल, मी तर मारले नाही, बांधलेही नाही. मी फक्त पैसे दिले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात याचा विचार करण्याची रीत सांगितली आहे. त्यांच्या मते बुद्धांनी अहिंसा हा नियम म्हणून दिला नाही, तत्त्व म्हणून दिला. नियम असता तर “मारले नाही” म्हणून सुटता आले असते. तत्त्व प्रत्येक वेळी आपली बुद्धी वापरायला लावते. त्याच ग्रंथात ते सांगतात की करुणा माणसांपुरती असते. मैत्री सर्व जिवांपर्यंत पोहोचते. १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. आणि सम्यक आजीविका सांगताना बुद्धांनी जिवांचा व्यापार वर्ज्य सांगितला. गिऱ्हाईक नसेल तर व्यापार चालेल काय? आपला रुपया हाच त्या साखळीचा एक दुवा आहे.

मात्र येथे सावध राहा. माकडवाल्याला, गारुड्याला शिव्या देऊन शील पाळले जात नाही. तो भटका, भूमिहीन, समाजाने गावाबाहेर ठेवलेला माणूस आहे. ते दुःख आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. अस्वल नाचविणाऱ्या कलंदरांना दुसरा धंदा आणि त्यांच्या मुलांना शाळा मिळाली, तेव्हाच अस्वलाच्या नाकातली दोरी सुटली. माणसाची सुटका आणि प्राण्याची सुटका बरोबरच होते.

घरात पुढील तीन गोष्टी पाळाव्यात:

१. मुलांना प्राणी जरूर दाखवा, पण दुरून. काचेवर थाप मारू देऊ नका, खायला टाकू देऊ नका.

२. प्राण्याला हातात, गळ्यात घेऊन किंवा त्याच्यावर बसून काढायच्या फोटोसाठी पैसे देऊ नका. मूल रडले तर त्याला कारण सांगा. मुलांना कारण कळते.

३. असा फोटो कोणी कौतुकाने दाखविला तर भांडू नका. “हा प्राणी इतका शांत कसा बसला?” एवढेच विचारा.

रविवारी वंदनेनंतर कुटुंबाने या प्रश्नांवर बोलावे: आपल्या आनंदासाठी कोणाला बांधून ठेवले आहे काय? आणि ते आपल्याला ठाऊक असते, तर आपण पैसे दिले असते काय?

जयभीम.