सफरचंदाच्या खोडाला उन्हाचा चटका

एप्रिलचा दुसरा पंधरवडा लागला, की हिंगोली जिल्ह्यात पारा ४० च्या पुढे सरकतो. हौसेने सफरचंद लावलेल्या बागायतदारांचं लक्ष तेव्हा फळांकडे असतं. धोका मात्र खोडाला आहे.

दुपारनंतरचं ऊन पश्चिमेकडून थेट सालीवर येतं. साल आधी तांबूस पडते, मग वाळून उभी तडकते. तिथे नखाने खरवडून पाहावं: आत हिरवा ओलावा असेल तर झाड सावरतं, कोरडा तपकिरी भाग लागला, तर तेवढी साल मेली. त्या भेगेतून खोडकिडा शिरतो. डिसेंबरात पानगळ करून मधून मोकळं छाटलेलं झाड तर सगळ्यात आधी भाजतं.

उपाय स्वस्त आहे. पाण्यात मिसळणारा पांढरा इमल्शन रंग निम्मं पाणी घालून जमिनीपासून पहिल्या फांद्यांपर्यंत लावावा, जाड फांद्यांच्या वरच्या अंगालाही. ऑइलपेंट अजिबात नको.

सेनगाव तालुक्यातल्या एका बागेत खोडांना काळं प्लॅस्टिक गुंडाळलेलं होतं. सोडून पाहिलं तर आत साल घामेजलेली आणि खाली वाळवी. काही जण बुंध्याशी बर्फ टाकतात, तो पैसा पाण्यात. सफरचंदाला थंडी लागते ती हिवाळ्यात, डोळ्यांना. मे महिन्यात मुळांना नव्हे. त्यापेक्षा सोयाबीनचं भुसकट आळ्यात पसरावं, खोडापासून वीतभर लांब, आणि ठिबक पहाटे चालवावं.

नवी रोपं घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट: रोपवाटिकांत सगळंच ‘हायब्रीड’ म्हणून विकलं जातं, हा प्रकार थांबायला हवा. इस्रायलमध्ये तयार झालेलं ‘अ‍ॅना’ हे खरं संकरित वाण; त्याच्या परागीकरणासाठी बहामातलं ‘डॉर्सेट गोल्डन’ शेजारी लावतात. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी पुढे आणलेलं ‘एचआरएमएन-९९’ मात्र बियांपासून उगवलेल्या रोपातून निवडलेलं आहे. गुलाबी कळी आणि पांढरं फूल पाहून यांतलं वाण ओळखता येत नाही. म्हणून रोप घेताना कलमाचा सांधा पाहावा आणि पावतीवर वाणाचं नाव लिहून घ्यावं. बियांपासून केलेलं रोप मूळ वाणासारखं निघत नाही. सांध्याखालून फुटलेले धुमारे लगेच काढावेत, नाहीतर वाढतं ते खुंटरोपच.

खोडाच्या भेगांतून भुसा पडताना दिसला, तर दुकानदाराच्या सांगण्यावरून फवारणी करू नये. कीड लागलेल्या सालीचा तुकडा घेऊन कळमनुरी तालुक्यातल्या तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र गाठावं. रंगाचं काम मे लागण्याआधीच उरकावं, कारण मे महिन्यात तडकलेली साल पुन्हा जुळत नाही.